केरबेझला पांढरे वर्ज्य

९ सप्टेंबर

आज दुपारी काल्बुबुने केरबेझच्या पायावरची पट्टी सोडली, तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मला वासामुळे पुस्तक मिटावे लागले. सशामागे धावताना जुन्या सामुदायिक शेताच्या गंजक्या तारेत तिचा पुढचा उजवा पाय फाटला, त्याला आठवडा उलटला. या आठवड्यात काल्बुबुने त्या जखमेला मेंढीची चरबी, चुलीतली राख आणि देवाचे नाव अशा तीन गोष्टी लावल्या. चौथी गोष्ट, म्हणजे पशुवैद्य, तिला सुचली नाही. मला विचारले असते तर मी सुचवली असती. मला कोणी विचारले नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. केरबेझ ही माझा धाकटा भाऊ कुबात याची तायगान जातीची शिकारी कुत्री. कुबात दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. काल्बुबु त्याची विधवा. विद्यापीठातून निवृत्त होऊन मी बिश्केकहून गावी परतलो, तेव्हापासून एकाच अंगणातल्या दोन घरांत आम्ही राहतो आणि मी तिच्या चुलीवरचे जेवतो. ती मला 'अगा', म्हणजे थोरला भाऊ, म्हणते. कुत्र्यांविषयी मला ममत्व नाही. कुबातच्या शिकारीविषयी तर कधीच नव्हते. परंतु हलगर्जीपणा मला पाहवत नाही.

उद्या केरबेझला मी स्वतः पशुवैद्याकडे नेणार आहे.

१० सप्टेंबर

पशुवैद्य आइझादा ही माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. मी तिला ओळखले नाही. तिने मला दारातच ओळखले. शिक्षकांना आमच्याकडे 'अगाय' म्हणतात.

"अगाय! तुम्ही मला रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास केलंत. आठवतंय?"

"नाही," मी म्हणालो. "तशा बऱ्याच जणी होत्या."

ती मोठ्याने हसली. दवाखान्यात असे हसणे मला रुचत नाही.

आमच्या आधी एक रशियन म्हातारी तिचा बोका एप्रनमध्ये गुंडाळून आली होती. बोक्याच्या तोंडाला फेस होता आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी. "विष घातलंस माझ्या वास्काला! बघ, बघ कसा फेसाळलाय!"

"विष नाही आजी, चव आहे ती. मांजराच्या जिभेला कडू लागलं की असाच फेस येतो. तुम्ही औषध जिभेवर ओतलंत ना? गालात सोडायचं, दाढांच्या बाजूनं. थोडं थोडं. गिळू द्यायचं, मग पुढचं."

"पण तो चावतो गं!"

"चावू दे. चावतोय म्हणजे जीव आहे."

आइझादाने केरबेझची जखम धुतली, पू एका काडीवर घेतला आणि तपासायला काराकोलच्या प्रयोगशाळेत धाडला. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दबतो, हे कळल्याशिवाय औषध देणार नाही, असे ती म्हणाली. हे तत्त्व योग्य आहे. ते तिने कोणाकडून घेतले असावे, याचा अंदाज मला आहे.

१४ सप्टेंबर

अहवाल आला. जंतू हट्टी आहे. नेहमीच्या औषधांना तो जुमानत नाही, फक्त एका औषधाला जुमानतो. आइझादाने आधी त्याच्या गोळ्या दिल्या. काल्बुबुने गोळी मांसात लपवली. केरबेझने मांस खाल्ले आणि गोळी, स्वच्छ चाटून, उंबऱ्यावर आणून ठेवली. म्हणून मी पुन्हा गेलो आणि तेच औषध द्रवरूपात आणले.

सूचना मी शब्दशः उतरवून घेतल्या. बाटली प्रत्येक वेळी हलवावी, कारण औषध तळाशी बसते. ती फ्रीजमध्ये ठेवावी. सुई काढलेल्या पिचकारीने, सुळ्याच्या मागे ओठ बाजूला ओढून, गालाच्या खिशात सोडावे. डोके वर उचलू नये, नाहीतर औषध श्वासनलिकेत जाते. जखम बरी दिसली तरी औषध पूर्ण संपवावे.

"आणि दूध, आयरान, साय, लोणी, काही म्हणजे काही नाही," आइझादा म्हणाली. "औषधाच्या आधी नाही, नंतर नाही. औषध त्याला चिकटतं आणि पोटातून तसंच बाहेर जातं."

"कॅल्शियम," मी म्हणालो.

"कॅल्शियम! या वेळी तरी पास ना, अगाय?"

उत्तर अपुरे असल्याचे मी तिच्या लक्षात आणून दिले. मॅग्नेशियम, लोह आणि ॲल्युमिनियम यांचाही उल्लेख व्हायला हवा होता. इसिक-कुल सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांतील कॅल्शियम मोजण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. या विषयात मला कोणी शिकवावे असे फारसे उरलेले नाही.

"आणि नाही लागू पडलं तर?" मी विचारले.

या वेळी ती हसली नाही. "मग पाय काढावा लागेल, अगाय. जंतू हाडात शिरायच्या आत."

"तीन पायांची तायगान?"

"जगेल. धावणार नाही."

संध्याकाळी पहिला डोस दिला. केरबेझला काल्बुबुने गुडघ्यांत धरले. मी पिचकारी उजेडासमोर धरून पातळी पाहिली, हवेचा बुडबुडा काढला, पुन्हा पाहिली.

"अगा, कुत्री आहे ती, परीक्षानळी नाही," काल्बुबु म्हणाली. "तुमचं मोजून होईपर्यंत म्हातारी होईल."

औषध एक थेंबही न सांडता आत गेले. प्राण्याला शिस्त लावायची तर सहकार्याचा मोबदला त्याच क्षणी द्यावा लागतो, म्हणून मी कोटाच्या खिशातला एक कुरुत तिला दिला. सिगारेट सोडल्यापासून मी कुरुत जवळ बाळगतो. उन्हाळ्यात बायका आंबट चक्का टांगून, मीठ घालून, गोट्या वळून छपरावर वाळवतात. काल्बुबुच्या कामांत काटेकोर म्हणावे असे हे एकच काम आहे. तिचे सगळे कुरुत एका मापाचे असतात, खडीसारखे टणक. केरबेझने तो कडाकडा फोडला.

मी हात धुऊन आलो तर काल्बुबु चमचाभर आयरान, म्हणजे आंबट घट्ट ताक, घेऊन तिच्यासमोर वाकली होती. आजाऱ्याच्या तोंडाला पांढरे लावायचे, घरातून निघणाऱ्याच्या तोंडाला पांढरे लावायचे, ही आमच्याकडची रीत. मी चमचा तिच्या हातून काढून घेतला आणि आवाज चढवला. कारणही समजावले. संयुग कसे बनते हे जमिनीवर काडीने काढून दाखवले.

"कळलं," ती म्हणाली. "पांढरं नाही. एवढंच सांगायचं होतं ना? अंगण कशाला खरवडलंत?"

१७ सप्टेंबर

व्यवस्था लागली आहे. सकाळी आणि संध्याकाळी, अल्पाहारानंतर, मी स्वतः डोस देतो. आयरानचे भांडे वरच्या फळीवर हलवले. सायीची वाटी माझ्या घरात आणली. स्वयंपाकघराच्या दारावर ठळक अक्षरांत सूचना लावली: "केरबेझला पांढरे वर्ज्य."

"वाचणार कोण?" काल्बुबुने विचारले. "केरबेझ?"

शेजारणी भिंतीपलीकडे हसल्या. आता गावात मला पाहून बायका "पांढरं वर्ज्य, पांढरं वर्ज्य" असे पुटपुटतात. विज्ञानाची अशी थट्टा नवी नाही.

केरबेझ मात्र शहाणी निघाली. पिचकारीची पेटी वाजली की लंगडत माझ्या दाराशी येते, तोंड पुढे करते, औषध गिळते आणि नाक माझ्या खिशाला लावते. काल्बुबु म्हणाली, "कुबातशिवाय ती कोणाच्या दारात जात नव्हती." हा केवळ सवयीचा परिणाम आहे, हे मी तिला सांगितले. दोन डोसांना दोन कुरुत असा नियम ठेवला आहे. अपवाद करत नाही.

२० सप्टेंबर

सूज उतरलेली नाही, वाढली आहे. पायाला हात लावू देत नाही. आज भाकरीचा तुकडाही सोडला.

प्रमाण अचूक आहे. वेळा अचूक आहेत. पद्धत निर्दोष आहे. मग उरते काय? दुपारी मी तिचे तोंड उजेडात तपासले. मिशांवर पांढरे कण होते. वाळलेले, बारीक, निःसंशय पांढरे.

मी काल्बुबुला बोलावले. "हिला आयरान कोणी दिले?"

"मी नाही दिलं."

"मिशांवर पांढरे आहे."

"असेल. मी नाही दिलं, अगा."

"या घरात तू आहेस आणि मी आहे. मी दिलेले नाही. तुझे विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही."

एप्रन सोडून तिने खुंटीला अडकवला. "या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुमचं नाव तोंडातून काढलं नाही मी. दीर म्हणून, मोठे म्हणून. कुबात जायच्या आधी म्हणाला, कुत्रीला बघ, आणि अगाला बघ. बघतेय ना दोघांना. आणि तुम्ही मला खोटारडी म्हणता?"

ती तोसोरला बहिणीकडे गेली. रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्याच गाडीला तिने हात केला.

मी "खोटारडी" हा शब्द वापरला नव्हता. "तुझे विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही," असे म्हणालो होतो. या दोहोंत फरक आहे.

२३ सप्टेंबर

परिस्थितीचा एक लाभ आहे. आता केरबेझपर्यंत माझ्याखेरीज कोणाचाही हात पोहोचत नाही. म्हणजे हा शुद्ध प्रयोग झाला. ती सुधारली तर दोष कोणाचा होता हे आपोआप सिद्ध होईल.

मी काल्बुबुच्या स्वयंपाकघरात झोपतो, कारण औषध तिच्या फ्रीजमध्ये आहे. केरबेझला माझ्या गादीच्या कडेला घेतले आहे, कारण फरशी थंड असते. बटाटे उकडतो. ती खात नाही. उरलेले मी खातो. बटाटे मला चांगले उकडता येत नाहीत, असे दिसते.

डोस देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ती मुळीच विरोध करत नाही. जबडा सैल सोडते. शिस्त पुरती अंगी बाणली आहे. कुरुत मात्र तिला आता फोडता येत नाही, म्हणून मी तो बत्त्याने कुटून जिभेवर ठेवतो.

कान गरम आहेत.

२५ सप्टेंबर

आजची नोंद जशी घडली तशीच लिहितो.

सुधारणा नाही. प्रयोग शुद्ध होता, म्हणून निष्कर्ष एकच निघत होता: औषधच सदोष आहे. मी मुद्देसूद तक्रार लिहून काढली, शेजाऱ्याची गाडी सांगितली आणि केरबेझला उचलून मागच्या बाकावर ठेवले. उचलताना ती फार हलकी लागली.

आइझादाने ताप पाहिला, पाय पाहिला. मी तक्रार वाचायला सुरुवात केली. तिने ती मुकाट्याने ऐकली. मध्येच केरबेझ टेबलावर कण्हली. माझा हात खिशात गेला, मी कुरुताचा चुरा काढला आणि तिच्या जिभेवर ठेवला. तक्रारीचा पुढचा मुद्दा मी वाचतच होतो.

"अगाय," आइझादा म्हणाली, "आत्ता काय दिलंत तिला?"

"काही नाही."

"मी बघितलं ना."

"काही नाही. कुरुत आहे. डोसनंतर देतो. आत्ता ती कण्हली म्हणून दिला."

ती हातमोजे काढून माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि तोंडी परीक्षेत विचारतात तशा, अगदी मऊ आवाजात तिने विचारले, "कुरुत कशाचा करतात, अगाय?"

उत्तर मला येत होते. दूध गाळून, आंबवून, पाणी काढून आटवले की कॅल्शियम जात नाही, साठते. पेलाभर आयरानात जेवढे असेल त्याहून अधिक त्या खड्यात असते. हे मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवत असे. पाणी उडून जाते, क्षार राहतात. ओढा असो वा दूध.

"आमची आजीपण कुरुताला दूध मानायची नाही," आइझादा म्हणाली. "डॉक्टरनं दूध बंद केलं तरी तो खिशात घेऊन फिरायची. तो खिशातला असतो ना, म्हणून."

माझी समजूत घालण्याची गरज नाही, असे मी तिला सांगितले. ते मी नीट सांगू शकलो नाही.

तिने पहिला डोस टोचून दिला. उद्यापासून पुन्हा तोंडाने, पहिल्यापासून. चार-पाच दिवसांत सूज उतरली नाही, तर ती पाय काढेल. माझे तक्रारीचे कागद तिने परत दिले. मी खिशातले सगळे तिच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

२६ सप्टेंबर

सकाळचा डोस देऊन, केरबेझला शेजाऱ्यांच्या नजरेखाली ठेवून तोसोरला गेलो. काल्बुबुच्या बहिणीच्या घरी बटाटे काढण्याचे काम चालू होते. शेतात सात-आठ बायका होत्या. मला पाहून त्या उठल्या, कारण वडीलधारा आला की उठायचे असते. काल्बुबु उठली, पण सगळ्यांत शेवटी.

तिला बाजूला बोलवावे असा माझा विचार होता. परंतु आरोप मी बाजूला नेऊन केला नव्हता, भिंतीपलीकडच्या शेजारणींनी तो ऐकला होता. म्हणून जिथे उभा होतो तिथूनच बोललो. कॅल्शियमचे अणू औषधाच्या रेणूला दोन बाजूंनी कसे पकडतात, आतड्याच्या भिंतीतून ते संयुग का जात नाही, दूध आटवल्याने खनिजांचे प्रमाण कसे वाढते, हे क्रमाने मांडले. कुरुत हा दुग्धजन्य पदार्थ आहे, हे स्पष्ट केले. एका बाईने दुसरीला विचारले, "काय म्हणतोय हा?" दुसरी म्हणाली, "कुरुत दुधाचा असतो म्हणतोय." पहिली म्हणाली, "हे सांगायला इतक्या लांबून आला?"

काल्बुबुने हातातली माती झटकली. "अगा, म्हणजे मी दिलं नव्हतं. एवढंच ना?"

"हो," मी म्हणालो. "एवढेच. मी देत होतो. आणि दोष तुझ्यावर घातला."



"तसं एकदा दिलं होतं मी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी, तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा. एक चमचा गेला होता पोटात, दुसरा तुम्ही हिसकावलात. नंतर नाही."

या विधानाला माझ्याकडे उत्तर होते. एका चमच्याचेही महत्त्व असते, आणि तेव्हाच सांगितले असते तर बरे झाले असते. मी ते उच्चारले नाही. का, ते मला नक्की सांगता येणार नाही.

"जिवंत आहे ना ती?" तिने विचारले.

"आहे."

"मग मी शुक्रवारी येते. इथले बटाटे निघू देत. तुम्ही काय खाताय?"

"बटाटे," मी म्हणालो. तेव्हा सगळ्याच बायका हसल्या, आणि तीही.

३० सप्टेंबर

सूज निम्म्यावर आली. ताप नाही. डोसनंतर उकडलेल्या काळजाचा तुकडा देतो. तो कशाचा असतो हे आधी तीन वेळा तपासले. काल्बुबु आली आहे. आल्या आल्या तिने दारावरची सूचना वाचली आणि ती तशीच राहू दिली. बटाट्याचे पातेले मात्र बाहेर कोंबड्यांना ओतले.

३ ऑक्टोबर

आइझादा म्हणाली, पाय राहणार. मी तिला म्हणालो की या वेळी उत्तीर्ण. ती म्हणाली, "श्रेणी?" मी विचार करून सांगतो म्हणालो.

८ ऑक्टोबर

ही नोंद डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर तसे आहे.

जखम भरली, कोवळी कातडी आली. तरी औषध शिल्लक होते आणि सूचनेप्रमाणे ते संपवायचे होते. आज सकाळी मी ओठ ओढला, पिचकारी गालात सरकवली. आता ती मरगळलेली नाही. तिने पिचकारी पाहिली, मला पाहिले आणि माझ्या उजव्या तळहातात दात रोवले. मग अंगणाच्या भिंतीवरून उडी मारली, चारही पायांवर उतरली आणि सफरचंदांच्या बागेतून खाली सरोवराच्या दिशेने गेली. मी दारात उभा राहून पाहत होतो. इतक्या वेगाने ती धावते हे मला ठाऊक नव्हते. कुबात सांगत असे, मी ऐकत नसे. रक्त बुटांवर पडत होते, हे काल्बुबुने ओरडल्यावर लक्षात आले.

"अगा, हसताय काय? हात बघा!"

मी हसत होतो, हे तिचे म्हणणे आहे. चावा चांगला खोल आहे. जबड्याची पकड घट्ट, दातांच्या चारही खुणा स्पष्ट. जबडा सैल सोडणाऱ्या त्या कुत्रीचा हा चावा नव्हे.

तिची लस वसंतातच झालेली आहे, त्यामुळे ती काळजी नाही. गावच्या डॉक्टरने जखम धुतली, टाके घातले नाहीत आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. मी घरी येऊन त्यांचे पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचले. या गोळ्या वेगळ्या जातीच्या आहेत. दुधाशी त्यांचे काही वाकडे नाही, हे त्यात स्पष्ट छापले आहे.

काल्बुबुने जेवण वाढले. आयरानचे भांडे वरच्या फळीवर होते. तिने कपात चहा ओतला, दुधाच्या भांड्याकडे हात नेला, थांबली, आणि ते भांडे उचलून तिने स्वतःच्या बाजूला ठेवले.

"औषध संपेपर्यंत नाही, अगा," ती म्हणाली. "कॅल्शियम."

काळा चहा मला मुळीच आवडत नाही. मी तो प्यायलो.